व्रताची शिदोरी घेऊन विलायतेस गेलेला विद्यार्थी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेले भाषण)



समुद्रपर्यटन हाच धर्मलोप मानला जाण्याच्या काळात एका जैन मुनींच्या शब्दामुळे एका वैष्णव घरातील मुलाला समुद्र ओलांडता आला, ही घटना आपल्या समाजात अनेकांना ठाऊक आहे. परंतु तिच्याकडे बहुधा ओझरतेच पाहिले जाते. पुतळीबाईंचा धाकटा मुलगा मोहनदास विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावा, ही सूचना कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांची. आईच्या मनात मात्र धास्ती होती. विलायतेस गेलेली मुले बिघडतात, मांस खातात, मद्यावाचून त्यांचे चालत नाही, असे तिने ऐकले होते. अशा वेळी बेचरजी स्वामींनी मार्ग काढला. ते मूळचे मोढ वाणी, पुढे जैन साधू झालेले आणि गांधी कुटुंबाचे सल्लागार. मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श न करण्याची तीन व्रते त्यांनी मुलाकडून घेवविली, आणि मग आईने अनुमती दिली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. गांधीजींना जैन ठरविण्याचा मोह आपल्या व्यासपीठांवरून कधी कधी होतो. त्याची काही आवश्यकता नाही. ते वैष्णव कुळात जन्मले आणि स्वतःला हिंदू म्हणवीत राहिले. त्यांनी घेतलेली ती तीन व्रते म्हणजे श्रावकाची बारा व्रते नव्हेत. परंतु व्रत हे कशासाठी असते, घरापासून हजारो मैलांवर ते माणसाचे काय करते, याचा असा प्रांजळ वृत्तांत क्वचितच वाचावयास मिळतो, म्हणून आजचा हा विषय.

मुंबईत पोहोचल्यावर जातीची सभा भरली आणि शेटजींनी मोहनदासास जातिबाह्य ठरविले. जो कोणी त्यास साहाय्य करील किंवा बंदरावर निरोप देण्यास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड! तरीही ४ सप्टेंबर १८८८ रोजी 'क्लाइड' बोटीने तो निघाला. तेव्हा त्याला एकोणिसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते; घरी पत्नी आणि काही महिन्यांचे मूल होते. बोटीवर काटे-चमचे धरता येत नाहीत, कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याचे धैर्य नाही, म्हणून बरोबर घेतलेली मिठाई आणि फळे यांवरच त्याने दिवस काढले. एका इंग्रज सहप्रवाशाने मायेने सांगितले की बिस्केच्या उपसागरापर्यंत ठीक आहे, पुढे थंडीत मांसावाचून जगणे अशक्य. मोहनदासाने आभार मानले आणि मांस खाणे भागच पडले तर आपण परत फिरू, असे उत्तर दिले. प्रवास संपला तेव्हा मांस न खाल्ल्याचे प्रमाणपत्रही त्याने त्याच गृहस्थाकडून लिहून घेतले आणि काही काळ जपून ठेवले. पुढे मांस खाणाऱ्यांनाही तसली प्रमाणपत्रे मिळतात हे कळल्यावर त्या कागदाची किंमत त्याच्या लेखी उरली नाही.

सप्टेंबरअखेर तो इंग्लंडच्या बेटावर उतरला, तो पांढऱ्या फ्लॅनेलच्या पोशाखात. किनाऱ्यावर पांढरे कपडे घातलेला तो एकटाच! सामान कंपनीच्या ताब्यात गेलेले आणि दिवस शनिवारचा, त्यामुळे ही शोभा आणखी लांबली. त्याच संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटावयास आले. त्यांची रेशमी टोपी मोहनदासाने सहज उचलून उलट्या बाजूने कुरवाळली आणि तिची लव विसकटली. कोणाच्या वस्तूला हात लावू नये, मोठ्याने बोलू नये, या पहिल्या शिकवणीचे मोल त्या टोपीने दिले.

पुढील काही आठवडे दुःखाचे होते. दिवसा लोकांत कसा तरी वेळ जाई. रात्री अंथरुणात आईची आठवण येऊन डोळ्यांतून धारा लागत. हे दुःख सांगावे तरी कोणाला? रिचमंडला एका मित्राकडे तो काही दिवस राहिला. सकाळी ओटची पेज पोटभर मिळे, पण दुपारी व रात्री पालक, पाव आणि मुरंबा. पावाचे दोन-तीन तुकडे झाल्यावर आणखी मागण्याचा संकोच वाटे. मित्र तर्कपटू होता. निरक्षर आईपुढे, तिकडची परिस्थिती न जाणता केलेल्या प्रतिज्ञेला काय अर्थ, असे तो रोज विचारी. बेंथमचा उपयुक्ततावादही त्याने वाचून दाखविला. मोहनदासाने कबूल केले की हे गहन तर्क आपल्याला समजत नाहीत आणि मांस खाणे आवश्यक आहे हेही एक वेळ मान्य. परंतु प्रतिज्ञा मोडता येणार नाही. वादात हरूनही जागचे न हलणे, ही व्रताची पहिली पायरी असावी.

पुढे वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईंच्या घरी तो राहू लागला. त्या घरच्या दोघी मुली आग्रहाने पावाचा एखादा तुकडा अधिक वाढीत; अख्खा पाव मिळाला असता तरच पोट भरले असते, हे त्या बिचाऱ्यांना कसे कळावे! मग तो शाकाहारी भोजनगृहाच्या शोधात निघाला. दिवसाला दहा-बारा मैल भटकावे, एखाद्या स्वस्त उपाहारगृहात शिरून पाव खावा, तरी तृप्ती नाही. असे भटकत असता एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर 'सेंट्रल' हे शाकाहारी भोजनगृह दृष्टीस पडले. लहान मुलाला हवे ते खेळणे मिळावे तसा आनंद आपल्याला झाला, असे त्यांनी चाळीस वर्षांच्या आसपास उलटल्यावर लिहिले आहे. आत शिरण्यापूर्वी दाराजवळच्या काचेमागे विक्रीस मांडलेली पुस्तके दिसली. त्यांत हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचे समर्थन करणारे, १८८६ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक होते. एक शिलिंग देऊन त्याने ते घेतले आणि मगच जेवावयास बसला. विलायतेस आल्यापासून पोटभर झालेले ते पहिले जेवण.

या एका शिलिंगाने काय घडविले ते पाहण्यासारखे आहे. तोवर मोहनदास शाकाहारी होता तो केवळ वचनाने बांधला गेला म्हणून. किशोरवयात चोरून मांस खाऊन झालेले होते. सर्व हिंदी लोक मांसाहारी होऊन बलवान व्हावेत, अशीही त्याची एके काळची इच्छा होती. सॉल्टचे पुस्तक वाचल्यावर तो बुद्धीने शाकाहारी झाला. आईने बांधलेले कुंपण होते म्हणून रोप जगले, आणि आता त्याला स्वतःचे मूळ फुटले. आपल्याकडे मुलांना नियम देताना पालक बहुधा पहिला भागच करतात; दुसरा भाग एखाद्या परक्या पुस्तकाकडून व्हावा लागतो, ही थोडी विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

अंड्याचा प्रश्नही याच काळातला. मांस म्हणजे काय, याच्या तीन व्याख्या त्याला इंग्लंडमध्ये भेटल्या. पहिलीप्रमाणे केवळ पशुपक्ष्यांचे मांस वर्ज्य, मासे चालतील. दुसरीप्रमाणे सर्व प्राण्यांचे मांस वर्ज्य, अंडी चालतील. तिसरीप्रमाणे प्राण्यांपासून निघणारे सारेच, म्हणजे अंडी आणि दूधही वर्ज्य. दुसऱ्या व्याख्येचा आधार घेऊन त्याने थोडे दिवस अंडी खाल्लीही. मग विचार सुरू झाला. ज्या आईपुढे व्रत घेतले तिच्या मनात मांसाचा अर्थ कोणता होता? तिच्या अर्थाने अंडे हे मांसच होते. त्या क्षणी अंडी सुटली, आणि अंड्यांबरोबर इतर शाकाहारी मंडळी खुशाल खात असलेले केक आणि पुडिंगही सुटले. प्रत्येक पदार्थात काय घातले आहे हे वाढणाऱ्यास विचारण्याचा त्रास मागे लागला तो वेगळाच. प्रतिज्ञा घेवविणाऱ्याने जो अर्थ प्रामाणिकपणे मानला तोच खरा, आणि दोन अर्थ संभवत असतील तेथे दुर्बळ पक्षाचा अर्थ स्वीकारावा, असा नियम त्यांनी यातून काढला. पुढे वकिलीत आणि राजकारणात शब्दांच्या पळवाटा शोधणाऱ्यांशी त्यांचा जन्मभर संबंध आला. त्या साऱ्यांना द्यावयाचे उत्तर लंडनच्या एका भोजनगृहात, अंड्याच्या निमित्ताने तयार झाले होते.

अर्थात हा विद्यार्थी सदैव असा गंभीर होता असे नाही. शाकाहाराने आलेला गबाळेपणा सभ्यतेने भरून काढावा, अशी लहर त्याला आली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा पोशाख शिवला, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, थोरल्या भावाकडून घड्याळासाठी सोन्याचा दुहेरी अछोडा मागविला. नृत्याच्या वर्गाचे तीन पौंड भरले. तीन आठवड्यांत सहा धडे झाले, पण पियानोच्या तालावर पाय पडेनात. कान तयार व्हावा म्हणून तीन पौंडांचे व्हायोलिन घेतले. वक्तृत्वासाठी शिक्षक ठेवला. त्याने बेल नावाच्या लेखकाचे पुस्तक नेमले, आणि त्या बेलनेच कानात धोक्याची घंटा वाजविली, असा श्लेष स्वतः गांधीजींनी केला आहे. सुमारे तीन महिन्यांत हा खेळ आटोपला. मग हिशेबाची वही आली. तिच्यात टपाल-तिकिटापर्यंतचा खर्च रोज रात्री टिपला जाई. दोन खोल्यांची एक खोली झाली, भाडे आठवड्याला आठ शिलिंग. सकाळी स्टोव्हवर ओटची पेज आणि कोको, दुपारी बाहेर जेवण, रात्री पाव आणि कोको. दिवसाचा खर्च सव्वा शिलिंग. रोज आठ-दहा मैल पायी चालल्यामुळे गाडीभाडे वाचले आणि शरीरही कणखर झाले. जीवन नीरस न होता उलट अधिक सुसंगत आणि आनंदी झाले, असे त्यांनी या काटकसरीविषयी नमूद केले आहे. वडीलभाऊ कर्ज काढून पैसे धाडीत आहेत याची टोचणीही त्यामागे होती.

अभ्यासाची हकिकत थोडक्यात सांगता येईल. ६ नोव्हेंबर १८८८ रोजी इनर टेंपल या संस्थेत प्रवेश. लंडनची मॅट्रिक पहिल्या खेपेस लॅटिनने बुडविली, दुसऱ्या खेपेस, १८९० च्या जूनमध्ये, ती पदरात पडली. बॅरिस्टर होण्यासाठी त्या वेळी परीक्षांबरोबर भोजनेही 'भरावी' लागत. प्रत्येक सत्रात किमान सहा भोजनांस उपस्थिती, अशी बारा सत्रे. चौघांच्या टेबलाला वारुणीच्या दोन बाटल्या मिळत. त्यामुळे न पिणारा मोहनदास आपल्या चौकडीत यावा यासाठी सहाध्यायांची चढाओढ लागे! त्याच्या ताटात पाव, उकडलेला बटाटा आणि कोबी. पुढे एका पारशी विद्यार्थ्यासमवेत अर्ज करून त्याने शाकाहारी पदार्थांची सोय करून घेतली.

बेटाच्या दक्षिणेस आणखी एक लहान बेट आहे, आइल ऑफ वाइट. तेथील व्हेंटनर या गावी तो सुट्टीत गेला होता. एकदा घरमालकिणीची मुलगी त्याला टेकड्यांवर फिरावयास घेऊन गेली. मोहनदास चालण्यात कमी नव्हता, पण ती वाऱ्यासारखी पुढे. उतरणीवर तर उंच टाचांचे बूट घालून ती बाणासारखी खाली गेली आणि हा वर उभा. अडखळत, अधूनमधून रांगत तो खाली पोहोचला तेव्हा तिने हसून शाबासकी दिली. याच व्हेंटनरला शाकाहाराच्या प्रचारसभेत त्याने भाषण लिहून नेले. उभा राहिला, आणि कागदावरची अक्षरे दिसेनात, हातपाय थरथरू लागले. सोबतच्या त्र्यंबकराय मजमुदारांनी ते वाचून दाखविले. सभेचे निमंत्रण 'द एथिक्स ऑफ डाएट'चे कर्ते हॉवर्ड विल्यम्स यांचे होते.

आणखी एक प्रसंग नाजूक आहे, पण तो वगळणे योग्य होणार नाही. त्या काळी विवाहित हिंदी विद्यार्थी तिकडे स्वतःस अविवाहित म्हणवीत, आणि मोहनदासानेही तेच केले. ब्रायटनला ओळख झालेल्या एका वृद्ध बाईंनी लंडनमध्ये दर रविवारी त्याला जेवावयास बोलावण्यास प्रारंभ केला. तरुण मुलींशी परिचय करून देऊ लागल्या. गोष्ट कोठे चालली आहे हे ध्यानी येताच त्याने पत्र लिहिले, आपला बालविवाह झाला असून आपण एका मुलाचे पिता आहोत हे कळविले आणि क्षमा मागितली. परतटपालीने उत्तर आले की आम्ही खूप हसलो, येत्या रविवारी नेहमीप्रमाणे या. तिसऱ्या व्रताचे रक्षण अशा रीतीने एका पत्राने झाले.

नारायण हेमचंद्रांचे नाव घेतल्यावाचून या दिवसांची कथा पुरी होत नाही. बंगाली ग्रंथांचा गुजरातीत अनुवाद करणारे हे गृहस्थ इंग्रजी जेमतेम जाणत आणि व्याकरणाची पर्वा करीत नसत. अंगात पारशी धाटणीचा चुरगळलेला कोट, गळ्यात ना कॉलर ना टाय, डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी आणि लांब दाढी. गोदी-कामगारांचा संप मिटविण्यात मोलाचा वाटा उचललेले कार्डिनल मॅनिंग यांना भेटण्याची त्यांना इच्छा झाली, तेव्हा त्याच पोशाखात ते गेले, दुभाषी मोहनदास. रोज एकमेकांकडे जेवण चाले. मोहनदासाने गाजराचे सूप करावे आणि हेमचंद्रांनी कीव करावी. एके दिवशी त्या लंडन शहरात कोठून तरी मूग पैदा करून, शिजवून, ते मित्राच्या खोलीवर घेऊन आले. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या श्रोत्यांना गाजरापेक्षा या मुगाचे महत्त्व अधिक कळेल. आयंबिलाच्या दिवशी मूग काय चीज असते ते आपण जाणतोच.

लाजाळू विद्यार्थी हळूहळू कार्यकर्ता होऊ लागला होता. १८९० च्या सप्टेंबरात तो लंडनच्या शाकाहारी संस्थेच्या कार्यकारिणीवर आला. बेजवॉटर भागात त्याने एक मंडळ स्थापले. त्याचे अध्यक्ष डॉ. ओल्डफील्ड, उपाध्यक्ष 'लाइट ऑफ एशिया'चे कवी सर एडविन अर्नोल्ड आणि चिटणीस मोहनदास गांधी. १८९१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'द व्हेजिटेरियन' या साप्ताहिकात हिंदुस्थानातील शाकाहाराविषयी त्याचे सहा लेख आले. आयुष्यभर वृत्तपत्रे चालविणाऱ्या या लेखकाच्या लेखनाचा आरंभ असा ताटातून झाला. याच संस्थेत डॉ. ॲलिन्सन यांना संततिनियमनाच्या मतांमुळे काढून टाकण्याचा ठराव आला. ठरावामागे संस्थेचे आधारस्तंभ, धनाढ्य अर्नोल्ड हिल्स होते. मोहनदासाला त्यांच्याविषयी आदर होता आणि ॲलिन्सन यांची मते त्यालाही पसंत नव्हती. तरीही शाकाहाराचा प्रसार हा संस्थेचा उद्देश असता, दुसऱ्या विषयावरील मतासाठी सभासदास बाहेर घालविणे अयोग्य, अशी बाजू त्याने घेतली. भाषण याही वेळी दुसऱ्यानेच वाचले. ठराव संमत झाला आणि एकविशीतला चिटणीस हरला. दुसऱ्याचे मत अमान्य करूनही त्याचे स्थान मान्य करणे, याला अनेकांताच्या परंपरेत वाढलेल्या आपण काय म्हणू, हे सांगावयास नको. आपल्या संस्थांच्या सभांत ते किती वेळा दिसते, हा प्रश्न मात्र उरतोच.

१० जून १८९१ रोजी तो बॅरिस्टर झाला, ११ रोजी हायकोर्टात नाव नोंदविले आणि त्याच संध्याकाळी मित्रांना निरोपाचे भोजन दिले. स्थळ होलबर्न रेस्टॉरंट. पूर्वी येथेच त्या तर्कपटू मित्राबरोबर जेवावयास आला असता, सूप शाकाहारी आहे काय असे वाढणाऱ्यास विचारल्याबद्दल त्याला उठून जावे लागले होते. जवळचे शाकाहारी भोजनगृह बंद असल्याने त्या रात्री उपवास घडला होता. आता त्याच मांसाहारी उपाहारगृहात संपूर्ण शाकाहारी पंगत बसली. भाषणाची तयारी जय्यत होती, पण पहिल्या वाक्यानंतर दुसरे आठवेना. आभार मानून यजमान खाली बसले.

१२ जूनला बोट सुटली. आपण खेद न वाटता लंडन सोडू शकलो नाही, तेथील विद्यालये, संग्रहालये, उद्याने आणि शाकाहारी भोजनगृहे यांमुळे ते शहर विद्यार्थ्याला आणि आपल्यासारख्या 'विक्षिप्ताला'ही फार सोयीचे आहे, अशा आशयाचे त्यांनी दुसऱ्याच वर्षी त्याच साप्ताहिकात लिहिले. उपाशी पोटी रडत काढलेल्या रात्रींच्या शहराविषयी ही माया! दक्षिण आफ्रिकेत असता त्यांनी लंडनला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी खर्चाच्या तपशिलासह एक मार्गदर्शिकाही लिहिली. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही.

५ जुलै १८९१ रोजी ऐन पावसाळ्यात ते मुंबईस उतरले, तेव्हा आई जिवंत नव्हती. परदेशात धक्का बसू नये म्हणून ही वार्ता भावाने दडविली होती. तिन्ही व्रते अखंड घेऊन आलेल्या मुलाला ती जिच्या पायांशी ठेवावयाची तीच नाही. हा घाव वडिलांच्या मृत्यूपेक्षाही मोठा होता, असे ते लिहितात. परंतु त्यांनी आक्रोश केला नाही. त्याच दिवसांत, डॉ. मेहतांच्या मुंबईतील घरी, त्यांची रायचंदभाईंशी म्हणजे श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. जवाहिऱ्याच्या पेढीचे भागीदार, शतावधानी आणि वयाने अवघे दोन वर्षांनी मोठे. बेचरजी स्वामींनी दिलेल्या शिदोरीचे पुढचे प्रकरण येथून सुरू होते, आणि ते स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. मुंबईत काही दिवसांनी आणखी एका जैन मित्राबरोबर त्यांचे आहाराचे प्रयोग चालले. ते वीरचंद राघवजी गांधी. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माची बाजू मांडली ती त्यांनीच. जातीचे प्रायश्चित्त मात्र आपल्या महाराष्ट्रात झाले. थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटला परतल्यावर जातिभोजन दिले. गांधीजींना यात रस नव्हता. भावाच्या समाधानासाठी ते गेले.

इनर टेंपलने १९२२ साली राजद्रोहाच्या शिक्षेमुळे त्यांचे नाव पटावरून काढले आणि १९८८ साली पुन्हा घातले. लंडनशी त्यांचा संबंध मात्र त्यापूर्वीच दृढ झालेला होता. १९३१ च्या गोलमेज परिषदेसाठी ते आले तेव्हा मोठ्या हॉटेलात न राहता पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतील किंग्जली हॉलमध्ये उतरले. २० नोव्हेंबर रोजी त्यांच्या जुन्या शाकाहारी संस्थेने सभा भरविली. व्यासपीठावर त्यांच्याशेजारी ऐंशी वर्षांचे हेन्री सॉल्ट बसले होते. केवळ प्रकृतीसाठी शाकाहारी झालेली माणसे बहुधा घसरतात, नीतीचा पाया असेल तरच हा आचार टिकतो, हे त्या दिवशी गांधीजींनी सांगितले. या वेळी भाषण वाचून दाखविण्यास दुसऱ्या कोणाची गरज पडली नाही.